अहवालात न मावणारे लिहिणाऱ्या स्त्रिया

सामाजिक संस्थांमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांनी आपल्या कामाबद्दल जाहीरपणे आणि स्वतःच्या नावाने लिहावे, हे आता बहुतेकांना तत्त्वतः मान्य असते. मात्र हे लेखन संस्थेच्या कामाचाच भाग आहे, तेव्हा त्यासाठी कामाच्या वेळेतला वेळ, मानधन आणि गरज पडली तर कायदेशीर संरक्षण मिळाले पाहिजे, असे म्हटले की चर्चा लगेच थंडावते. लेखन ही ज्याची त्याची आवड आहे आणि ती कामाचे तास संपल्यावर जोपासावी, ही समजूत या क्षेत्रात खोलवर रुजलेली आहे. मला ती चुकीची वाटते, आणि का वाटते हे सविस्तर मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

अनेक वर्षे प्रकल्पांचे अहवाल लिहिण्याचे काम मी करत आले आहे, त्यामुळे अहवालात काय मावते आणि काय मावत नाही याचा मला जवळून अनुभव आहे. किती प्रशिक्षणे झाली, किती स्त्रिया हजर राहिल्या, मंजूर निधीपैकी किती खर्च झाला, हे सगळे तिथे व्यवस्थित बसते. बहुतेक नमुन्यांमध्ये ‘अडचणी आणि त्यांवरील उपाय’ असा एक रकानाही असतो. पण त्याची रचनाच अशी असते की ज्या अडचणीवर उपाय सापडला आहे तीच अडचण तिथे लिहिता येते. दोन वर्षे उत्तम चाललेला गट एका कर्जाच्या परतफेडीवरून का फुटला, बैठकांमध्ये सर्वांत धीटपणे बोलणारी बाई अचानक यायची का थांबली, प्रकल्पाची मुदत संपल्यावर तिथल्या लोकांना आपण नेमके काय सांगून निघालो, या प्रश्नांना उत्तर नसते आणि म्हणून त्यांना जागाही नसते. यात कोणी मुद्दाम खोटे लिहीत असते असे नाही. मिळालेला पैसा योग्य ठिकाणी खर्च झाला हे निधी देणाऱ्याला पटवणे हाच अहवालाचा उद्देश असतो, आणि तो उद्देश तो पार पाडतो. बदल प्रत्यक्षात कसा घडतो, कुठे अडतो आणि कधी उलटा फिरतो, हे सांगायला दुसऱ्या प्रकारचे लेखन लागते.

ते लेखन कोण करू शकते? लोकांच्या घरी जाणारी, तक्रार सर्वांत आधी ऐकणारी, नोंदवही भरणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी स्त्री असते. अनेक देशांमध्ये या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक आहे, आणि संस्था जितकी मोठी व श्रीमंत तितके तिच्या सर्वोच्च पदांवरील स्त्रियांचे प्रमाण कमी होत जाते. म्हणजे ज्यांना आतले सर्वाधिक ठाऊक असते त्यांचे म्हणणे दुसऱ्याच्या शब्दांत, दोन-तीन पायऱ्या चढून, वर पोहोचते, आणि प्रत्येक पायरीवर त्यातले काही ना काही गळून पडते. स्वतः लिहिणारी कार्यकर्ती या पायऱ्या ओलांडून थेट वाचकाशी बोलते. तिच्या लेखनाचे मोल मला इथे दिसते.

ही काही नवी कल्पना नाही. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल यांनी 1865 साली मॅरिलबोन भागातील गरीब कुटुंबांच्या घरांचे व्यवस्थापन हाती घेतले. ती घरे घेण्यासाठी पैसा लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी दिला होता. पुढे काम वाढले, सोबत काम करणाऱ्या स्त्रिया वाढल्या, देणग्या येऊ लागल्या, तेव्हा 1872 पासून त्या आपल्या सहकाऱ्यांसाठी दरवर्षी एक पत्र छापून पाठवू लागल्या आणि हा क्रम त्यांनी 1911 पर्यंत चालू ठेवला. त्या पत्रांमध्ये देणगीच्या पैशांचा हिशेब असे, पण त्यासोबत भाडे वसूल करताना माणसांशी कसे वागावे, मोकळ्या जागा का राखल्या पाहिजेत, सोबतच्या स्त्रियांना कामात कसे तयार करावे, याबद्दलचा त्यांचा विचारही असे. हिशेब आणि विचार एकाच पत्रात शेजारी नांदत होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आज आपण हिशेब अहवालात टाकतो आणि विचार घरी घेऊन जातो. हिल यांची सगळीच मते मला पटत नाहीत. त्या स्त्रियांच्या संसदीय मताधिकाराच्या विरोधात होत्या, आणि नगरपालिकांनी स्वतः घरे बांधावीत यालाही त्यांचा विरोध होता. पण एवढ्या वर्षांनंतरही त्यांच्याशी मुद्देसूद वाद घालता येतो तो त्यांनी आपली भूमिका कारणांसह लिहून ठेवली म्हणूनच. त्याच काळात तितकेच कष्ट उपसणाऱ्या, पण काहीही न लिहिलेल्या किंवा ज्यांना लिहू दिले गेले नाही अशा असंख्य स्त्रियांशी आपल्याला सहमत होता येत नाही आणि असहमतही होता येत नाही.

दुसरे उदाहरण शिकागोचे आहे आणि ते माझ्या मुद्द्याच्या अधिक जवळचे आहे. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी 1889 मध्ये सुरू केलेल्या, गरीब वस्तीत राहून तिथल्या लोकांसाठी काम करणाऱ्या हल हाऊस या वस्तीकेंद्रात फ्लॉरेन्स केली 1891 च्या अखेरीस राहायला आल्या. घरोघरी कोंदट खोल्यांमध्ये चालणाऱ्या कपडे शिवण्याच्या धंद्यात स्त्रिया आणि मुले कशी राबवली जातात, याची पाहणी त्यांनी 1892 मध्ये केली. ही पाहणी त्यांनी फावल्या वेळात केलेली नव्हती. इलिनॉय राज्याच्या कामगार सांख्यिकी विभागाने त्यासाठी त्यांची नेमणूक केली होती. त्या पाहणीतून जे समोर आले त्याच्या बळावर 1893 मध्ये राज्याने कारखान्यांविषयीचा कायदा केला, चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामावर ठेवण्यास बंदी घातली, स्त्रियांच्या कामाचा दिवस आठ तासांचा ठरवला, आणि कायद्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून फ्लॉरेन्स केली यांचीच निवड झाली. आठ तासांची तरतूद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1895 मध्ये रद्द केली, तेव्हा ही सरळ विजयाची कथा नाही. तरीही पाहणे, लिहिणे आणि बदल घडवणे ही तिन्ही कामे एकाच बाईच्या नेमून दिलेल्या कामात बसू शकतात, हे तिथे सिद्ध झाले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण पुन्हा ‘लेखन हे कामात धरायचे का’ असा प्रश्न विचारत आहोत, याचे मला वाईट वाटते.

आता अलीकडच्या काळाकडे येते. केनियामध्ये 27 डिसेंबर 2007 रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि निकालानंतर हिंसाचार उसळला. सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. ओरी ओकोलो या तरुण वकील स्त्रीने संसदेतील कामकाजावर लक्ष ठेवणारे एक संकेतस्थळ आधीच सहकाऱ्यासोबत उभे केले होते आणि स्वतःच्या ब्लॉगवर त्या देशाच्या राजकारणाविषयी नेमाने लिहीत होत्या. बंदीच्या त्या दिवसांत ठिकठिकाणचे लोक त्यांना घडलेल्या घटना कळवू लागले. जानेवारी 2008 च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या वाचकांना विचारले की या साऱ्या घटना नकाशावर नोंदवता येतील असे काही कोणी तयार करू शकेल का, आणि काही दिवसांतच ‘उशाहिदी’ हे व्यासपीठ उभे राहिले. पुढे 2010 मध्ये हैतीच्या भूकंपानंतर मदत कुठे हवी हे नोंदवण्यासाठीही ते वापरले गेले. या घटनेकडे बहुतेक जण तंत्रज्ञानाची करामत म्हणून पाहतात. मला मात्र तिच्या मुळाशी असलेला विश्वास अधिक लक्षणीय वाटतो. संकटाच्या वेळी अनोळखी माणसे ओकोलो यांनाच का लिहू लागली? कारण त्या आधीपासून, कोणतेही संकट नसताना, नियमितपणे आणि नावानिशी लिहीत होत्या. असा वाचक एका मोहिमेसाठी एका महिन्यात जमवता येत नाही.

मार्च 2012 मध्ये एका अमेरिकी संस्थेने युगांडातील सशस्त्र टोळीच्या म्होरक्याविषयी सुमारे अर्ध्या तासाची चित्रफीत प्रसिद्ध केली, आणि आठवडाभरात ती कोट्यवधी वेळा पाहिली गेली. त्या लाटेत युगांडाच्या पत्रकार रोझबेल कागुमिरे यांनी एकट्याने कॅमेऱ्यासमोर बसून आपला आक्षेप नोंदवला. गुंतागुंतीचा संघर्ष अगदी सोपा करून सांगणे, आफ्रिकेतील माणसे असहाय दाखवणे आणि तारणहार बाहेरूनच येणार असे सुचवणे, या साऱ्याला त्यांचा विरोध होता. खरे तर ती टोळी काही वर्षांपूर्वीच उत्तर युगांडातून बाहेर पडलेली होती, आणि तिथे प्रश्न उरला होता तो उद्ध्वस्त झालेली गावे आणि आयुष्ये पुन्हा उभी करण्याचा. त्याच महिन्यात युगांडातील लिरा शहरात ही चित्रफीत हिंसाचाराची झळ सोसलेल्या लोकांना दाखवली गेली, तेव्हा ते संतापले. ज्यांच्या नावाने पैसा उभा राहतो त्यांना ती कथा कशी वाटते, हे विचारण्याची पद्धतच नसेल तर असेच होणार. कागुमिरे यांच्यासारखे आवाज नसते तर जगाला त्या संतापाचे कारणही कळले नसते.

या सगळ्या लेखनाचा खर्च कोणी उचलला? बहुतेक वेळा लिहिणाऱ्या बाईनेच. इथे मला प्रशासकीय खर्चाविषयी थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण मूळ दुखणे तिथे आहे. देणगीतला प्रत्येक पैसा थेट लाभार्थ्यांपर्यंत पोहोचावा, कार्यालय, हिशेब, प्रशिक्षण, संवाद यांवर कमीत कमी खर्च व्हावा, ही अपेक्षा वरवर पाहता नैतिक वाटते. ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी 2009 मध्ये ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’मध्ये हे चक्र स्पष्ट करून दाखवले होते: निधी देणारे अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा ठेवतात, संस्था त्या अपेक्षेत बसण्यासाठी आवश्यक खर्चही टाळतात किंवा कागदावर कमी दाखवतात, आणि ते आकडे पाहून निधी देणाऱ्यांची अपेक्षा आणखी आवळली जाते. जून 2013 मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या तिघांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिले आणि केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका, असे सांगितले. हे पत्र महत्त्वाचे होते, पण सवय एका पत्राने सुटत नाही.

या चक्रात सर्वांत आधी कापला जातो तो विचार करण्याचा आणि लिहिण्याचा वेळ. वाहनाचे बिल दाखवता येते, खुर्च्यांचे बिल दाखवता येते. एका कार्यकर्तीने चार तास बसून मागच्या वर्षी फसलेल्या उपक्रमाचा नीट विचार केला आणि तो लिहून काढला, याचे बिल कोणत्या रकान्यात टाकायचे? मग ती हे घरी गेल्यावर, स्वयंपाक आणि मुलांचे आवरल्यावर, रात्री करते. घरातले विनामोबदला श्रम आणि संस्थेसाठीचे विनामोबदला लेखन हे एकाच बाईच्या एकाच रात्रीत एकमेकांशी भांडत असतात, आणि यात बहुधा लेखनच हरते. काही जणी तरीही लिहितात. त्यांच्या निष्ठेचे कौतुक करून संस्थांनी जबाबदारीतून सुटू नये, कारण समाजातील विनामोबदला श्रमांविषयी भाषणे देणाऱ्या क्षेत्राने तेच श्रम स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडून गृहीत धरणे मला अजिबात पटत नाही.

दुसरा खर्च पैशाचा नसतो. यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि ब्रिटनची सेव्ह द चिल्ड्रन यांनी 2002 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील निर्वासित मुलांविषयी केलेल्या पाहणीत, मदत देणारेच मुलांचे लैंगिक शोषण करत असल्याचे आरोप पुढे आले होते. 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी याविरुद्ध नियम जाहीर केले. तरीही फेब्रुवारी 2018 मध्ये ‘द टाइम्स’ने ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या हैतीतील कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाचे प्रकरण छापले, आणि त्याच संस्थेत अशा तक्रारी हाताळण्याची जबाबदारी सांभाळलेल्या हेलन इव्हान्स यांनी दूरचित्रवाणीवर येऊन आपल्या इशाऱ्यांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे सांगितले, तेव्हा कुठे हा विषय संस्थांच्या बाहेर गंभीरपणे बोलला जाऊ लागला. नियम होते, कागद होते, तक्रारीची पद्धतही होती. आतल्या बाईने बाहेर येऊन नावानिशी बोलेपर्यंत त्या कागदांना धार आली नाही. संस्थेची बदनामी झाली तर ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांचेच नुकसान होईल, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मनापासून केला जातो हेही मला ठाऊक आहे. पण नुकसान आधीच झालेले असते, फक्त ते देणगीदाराला दिसलेले नसते.

बोलणाऱ्या स्त्रीला काय सोसावे लागते, याचा अंदाज पत्रकार स्त्रियांविषयीच्या एका पाहणीतून येतो. युनेस्को आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर जर्नलिस्ट्स यांनी 2020 मध्ये केलेल्या जागतिक सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या स्त्रियांपैकी 73 टक्के जणींनी आपल्या कामामुळे ऑनलाइन हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि 30 टक्के जणी त्यामुळे समाजमाध्यमांवर स्वतःच्या लेखनाला कात्री लावू लागल्या होत्या. पत्रकार स्त्रीच्या मागे निदान एखादे वृत्तपत्र, एखादी संघटना असण्याची शक्यता असते. संस्थेतल्या कंत्राटी कार्यकर्तीच्या मागे कोणीही नसते, आणि तिचे पुढच्या वर्षीचे कंत्राट बहुधा त्याच माणसांच्या हातात असते ज्यांच्या निर्णयांबद्दल ती लिहीत असते.

श्रेयाचा प्रश्नही आहे. अमेरिकी कार्यकर्त्या टराना बर्क यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुली आणि स्त्रियांसाठी ‘मी टू’ हे शब्द 2006 पासून आपल्या कामात वापरले होते. ऑक्टोबर 2017 मध्ये एका अभिनेत्रीच्या ट्विटमुळे ते जगभर पोहोचले, तेव्हा त्यांचे नाव काही काळ मागेच राहिले. ते लवकरच पुढे आले, कारण त्यांच्या कामाची जुनी नोंद होती आणि ती ओळखणारी माणसे होती. अशी नोंद नसलेल्या किती जणींचे शब्द दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले असतील, याची गणती कधीच होणार नाही.

मला मोकळेपणाने मान्य आहे की या लेखनाला मर्यादा हव्यात, आणि त्या कडक हव्यात. निवारागृहाचा पत्ता, अल्पवयीन मुलाची ओळख, न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाचा तपशील, यांबाबत कोणतीही सूट असू शकत नाही. त्याहून अवघड प्रश्न संमतीचा आहे. मदत घेणाऱ्या बाईने मदत देणाऱ्या बाईला ‘लिहा’ म्हटले, तर ती खरी संमती आहे की नकार देण्याची भीती? माझे मत असे आहे की लिहिलेला मजकूर तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावा, तिला तो नंतर काढून टाकायला सांगता यावा, आणि तिने नकार दिला तरी तिची मदत थांबणार नाही हे आधी सांगावे, नंतर नाही. कार्यकर्तीने लिहिणे हा या प्रवासाचा शेवट आहे असेही मी मानत नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेत 1984 पासून ‘व्हिडिओ सेवा’ सुरू झाले, आणि ज्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते अशा सदस्य स्त्रिया कॅमेरा हाताळायला शिकून आपल्या व्यवसायांचे आणि अडचणींचे चित्रण स्वतः करू लागल्या. ज्यांना आपण आपल्या कागदांमध्ये लाभार्थी म्हणतो त्यांनीच सांगणारे व्हावे, यासाठी साक्षरतेचीही वाट पाहण्याची गरज नाही, हे त्यांनी फार पूर्वीच दाखवले आहे.

म्हणून माझी मागणी साधी आणि ठोस आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात लेखन आणि नोंदीसाठी स्वतंत्र तरतूद असावी, आणि ती प्रसिद्धीच्या खर्चात मिसळू नये, कारण प्रसिद्धी संस्थेसाठी असते आणि हे लेखन कामासाठी असते. कार्यकर्तीच्या नेमणूकपत्रात तिने स्वतःच्या नावाने लिहिण्याचा हक्क आणि वर सांगितलेल्या मर्यादा, दोन्ही नमूद असाव्यात, म्हणजे परवानगी कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. तिच्या लेखनावरून नोटीस आली किंवा धमकी आली, तर वकिलाचा खर्च संस्था करेल असा ठराव विश्वस्तांनी आधीच करून ठेवावा. निधी देणाऱ्यांनी अहवालाच्या नमुन्यात न सुटलेल्या अडचणींसाठी जागा ठेवावी आणि तिथे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या संस्थेचा पुढचा हप्ता अडवू नये. आणि प्रकल्प संपला, संकेतस्थळाचे शुल्क भरायला कोणी उरले नाही म्हणून वर्षानुवर्षांचे लेखन एका दिवसात नाहीसे होते, ते टाळण्यासाठी त्याची एक प्रत एखाद्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात जमा करण्याची जबाबदारी प्रकल्प बंद करतानाच्या कामांमध्ये लिहिली जावी.

हे वाचणाऱ्यांमध्ये काही जण संस्थांचे विश्वस्त आहेत, काही जण निधीचे निर्णय घेणाऱ्या समित्यांवर आहेत. पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत लेखनाच्या तरतुदीचा विषय आपण स्वतः मांडावा, आणि तो मांडताना आपल्या संस्थेतल्या एखाद्या क्षेत्रीय कार्यकर्तीला त्या बैठकीत बोलण्यासाठी बोलवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.